ओन्नोच्या कपातला चमचा

ल्यूबेक, ९ मार्च १९५२

प्रिय वीब्के,

तुझं पत्र मंगळवारी आलं आणि तेव्हापासून मी खिडकीच्या दोन चौकटी चुकीच्या मापाने कापल्या. मालक म्हणाला, "हाउके, प्रेमात पडलायस की सकाळीच प्यायलायस?" त्यार्कने तुला मागणी घातली, तू नाही म्हणालीस, आणि कारण एका ओळीत लिहिलंस: उद्या ओन्नो दारात उभा राहिला तर त्याला काय सांगू? बोट बुडाली त्याला मे महिन्यात नऊ वर्षं होतील, वीब्के. वादळात उडालेलं तुझं छप्पर कोणी न सांगता शाकारून देणारा, तुझ्या इन्साला सायकल शिकवणारा माणूस, आणि त्याला तू परत पाठवलंस. मला तुझा राग आला नाही, माझाच आला. का ते सांगतो, पण आधी जरा इकडचं तिकडचं बोलू दे. सरळ मुद्द्यावर येणं मला कधी जमलंय?

आमच्या पाणबुडीवर माणसं पन्नास आणि बिछाने त्याच्या निम्मे. ओन्नो पहाऱ्यावर गेला की मी झोपायचं, मी गेलो की त्याने. गादीत त्याच्या अंगाची ऊब असतानाच मी आत शिरायचो. मला उठवायला तो माझ्या पायाचा अंगठा ओढायचा. "ऊठ रे भाडेकरू, घरमालक आलाय!" मी म्हणायचो, "घरमालकाने आधी पाय धुवावेत." "पाणी कुठंय?" "बाहेर अख्खा समुद्र पडलाय की!" रोज तोच विनोद, आणि रोज आम्ही हसायचो. दीड वर्ष एका गादीवर काढलं, पण दोघं एकदम तिच्यावर कधीच नाही. पहारा बदलताना कॉफीचा एकेक मग, तेवढीच काय ती गाठभेट. कॉफी संपली की तो चमचा मगातच ठेवायचा. मी वैतागायचो, "धुवायचा कोणी, तुझ्या आजोबांनी?" तो नुसता हसायचा.

पाच सफरी केल्या आम्ही. पहिल्या दोन सफरींत तीन जहाजं बुडवली. बंदरात परतलो तेव्हा बँड वाजला, मुलींनी फुलं दिली. ओन्नोने फुलं घेतली नाहीत. तिसरं जहाज तेलाचं होतं आणि जळत्या पाण्यात माणसं ओरडत होती, ते त्याने पहाऱ्यावरून ऐकलं होतं. "त्यांच्याही घरी कोणी वीब्के असेल," एवढंच म्हणाला. त्या माणसांचं ओझं मी अजून वाहतो आणि ते उतरावं असंही मला वाटत नाही. पुढे तर विमान दिसलं की बुडी मारायची, हेच आमचं काम झालं. पावाला पांढरी लव यायची, आम्ही त्याला ससा म्हणायचो. ओन्नो तो कानाला धरल्यासारखा उचलायचा, आतला चांगला तुकडा काढून मला द्यायचा. बोट कशी गेली ते तुला माहीत आहे, निदान मी सांगितलं तेवढं.

कैदेतून सुटून सत्तेचाळीसच्या नोव्हेंबरात मी तुझ्याकडे आलो, तो सगळं सांगायचं ठरवूनच. तू खडीसाखरेवर चहा ओतलास, वर सायीचा थेंब सोडलास. कप संपला, तू पुन्हा भरलास. मला वाटलं, काय ही माया! नको कसं म्हणायचं? चौथा झाला, पाचवा झाला. सहाव्याला मला घाम फुटला आणि सातव्याला पाच वर्षांची इन्सा ओरडली, "आई, या काकांना चमचा ठेवता येत नाही का?" तेव्हा मला कळलं, तुमच्या गावात कपात चमचा ठेवेपर्यंत पाहुण्याला आणखी हवंय असंच धरतात. तुझी आठवडाभराची चहापत्ती मी एका बैठकीत संपवली होती. तू हसता हसता रडलीस. टेबलावर आणखी एक कप होता, चमचा बाजूला बशीत. "हा ओन्नोचा," तू म्हणालीस. "त्याने अजून पुरे म्हटलेलं नाही." माझं अवसानच गळालं. मी बोलून गेलो की मी त्याला पाण्यात पाहिलं, अंगात तरंगायचं पिवळं जाकीट होतं, पोहत होता, कोणी उचललंही असेल.

ते खोटं होतं, वीब्के. पाणबुडीवर राहिलेल्या कोणीही ते तिथेच पकडलं असतं, कारण एका बिछान्याची दोन माणसं एकदम वर नसतात. मी वर पहाऱ्यावर होतो, म्हणजे ओन्नो खाली बिछान्यात होता. त्या दिवशी सकाळी आठला तो पहाऱ्यावरून उतरला, माझा अंगठा ओढला, कॉफी प्यायला, मगात चमचा ठेवला आणि माझ्या उबेत शिरला. "भाडेकरू, जाताना पांघरूण नीट घाल." मी घातलं. शिडी चढेपर्यंत तो घोरायलाही लागला होता. तासाभराने सूर्याच्या आडून विमान आलं आणि बोट एका मिनिटात गेली. वरचे आम्ही चौघंच वाचलो, इंग्रजांनी आम्हाला उचललं. त्याला शेवटी जाग आली का, मला माहीत नाही, आणि आता आणखी खोटं बोलणार नाही. पण थंड पाण्यात कोणाची वाट बघत तो गेला नाही, एवढं मी छातीवर हात ठेवून सांगतो. मी चार वर्षं गप्प राहिलो आणि तुझी चार वर्षं घेतली.

हे पत्र माफीसाठी नाही. ती द्यावीशी वाटली तर दे. ओन्नोला मृत ठरवून तुला मोकळं करायला कोर्टाला साक्षीदार लागतो आणि तो मी आहे. ईस्टरनंतरच्या गुरुवारी मी सही करायला येतोय. पुढे कधी त्यार्कच्या आणि तुझ्या नावाखाली साक्षीदार लागला, तर त्यासाठीही येईन, चांगला कोट घालून. ओन्नोचा कप अजून टेबलावर असेलच. त्याच्यासाठी मनात जागा ठेव, पण वाट बघू नकोस. त्या कपात आता तू स्वतः चमचा ठेव आणि शेजारी त्यार्कचा कप मांड. माझी काळजी नको. मला एकच कप पुरे, चमचा ठेवायला शिकलोय मी.

तुझाच,
ओन्नोचा भाडेकरू,
हाउके