बोलत राहा, व्याहीबुवा

मंगळवार, १४ तारीख
कारखान्यातून

आदरणीय व्याहीबुवा,

नमस्कार. इकडे सगळी मजेत. तुमची टोपी माझ्याकडे सुखरूप आहे. तिचं शेवटी लिहितो.

आधी तक्रार. बंदरावर तुम्ही सांगत सुटला आहात म्हणे, की व्याह्याच्या रेडिओ-यंत्रापुढे अखंड तोंड चालवावं लागतं, गप्प बसलं की ते रुसतं. काल दोघा नाववाल्यांनी मला विचारलं, यंत्राबरोबर एखादा बडबड्या माणूसही देता का? धंद्याला हे बरं नव्हे.

रुसतं हे खरं. नावेवरचा रिसीव्हर किनाऱ्यावरच्या सिग्नलच्या पावलात पाऊल टाकून चालतो. नाव लाटेआड गेली की सिग्नल क्षीण होतो, आणि त्यातच इकडून काही जाईनासं झालं तर त्याचं पाऊल चुकतं. पुन्हा जुळेपर्यंत शब्दांचा नुसता भुगा. त्या दुपारी धुक्यात, खडकांच्या तोंडाशी, यंत्र तपासायला नाव घेऊन गेलेल्या जावईबापूंना, म्हणजे तुमच्या मुलाला, तेवढी उसंत नव्हती.

तुमच्या नावा सोडून तो माझ्या कारखान्यात आला तेव्हापासून तुम्ही त्याच्याशी अवाक्षर बोलला नव्हता. तरी निरोप मिळताच धावत आलात, कारण ती वाट तुमच्याइतकी कुणालाच ठाऊक नाही. माइक घेऊन ‘डावीकडे घे’ एवढंच म्हणालात आणि गप्प. मी म्हटलं, बोलत राहा, नाहीतर तो सुटेल. काय बोलू, म्हणालात. म्हटलं, काहीही.

मग काय, साचलेलं सगळं निघालं. दोर गुंडाळायचा आळस, न सांगता जाणं, सासऱ्याच्या खुर्चीत बूड टेकणं. (सासरा शेजारीच उभा होता, पण ते असो.) मध्येच ‘उजवीकडे, अजून जरा.’ मग दाराआडच्या खुंटीवर त्याचा रेनकोट अजून आहे आणि तो तुम्ही कुणाला घालू देत नाही, हे. आणि तिथे तुमचा आवाज बसला.

तिकडून आलं, “ऐकतोय, बाबा. बोला.”

पुढचं मी ऐकलं नाही असं धरा. लोकांचे मोडके रेडिओ कानाशी धरून मी पोटापाण्याला लागलो. कान तिखट आहेत, त्याला इलाज नाही.

आता खरं लिहितो. त्या यंत्राला एक बटण आहे. दाबून धरलं की एकसारखा सूर जात राहतो आणि रिसीव्हर जुळलेला राहतो. बडबडीची गरज नसते. तुम्ही आलात तेव्हा तुमची टोपी हातातून घेऊन मीच तिच्याखाली ते बटण झाकलं.

पण पोराचा जीव टांगणीला असताना थट्टा करणारा मी नव्हे. माझं बोट सगळा वेळ टोपीखाली होतं. तुम्ही श्वास घ्यायला थांबलात की दाबायचो. रेनकोटापाशी तर बराच वेळ दाबून धरलं. म्हणून तुम्ही पुन्हा बोललात तेव्हा तो तिथेच होता.

नाववाल्यांना बटणाचं सांगून टाका, म्हणजे माझी चूल पेटती राहील. टोपी पाठवत नाही. बटणावरच आहे. रविवारी यंत्रावर जावईबापूच बसतात, न्यायला या. विहीणबाईंना नमस्कार. रागवायचं असेल तर तेही समोर येऊनच रागवा.

तुमच्या मुलाचा सासरा