माळ्यावरच्या अस्वलाने घालवलेली अब्रू

प्रति,
मेहेरबान मॅजिस्ट्रेटसाहेब,
तालुका कचेरी, जळगाव, जिल्हा बुलढाणा, वऱ्हाड

विषय : सोनाळ्याच्या अर्जुनरावाने अर्जदारास तोंडी व लेखी 'खरा माणूस' ठरवून अब्रू घेतल्याबाबत.
संदर्भ : अर्जदाराची रजिस्टर नोटीस व तिचे उत्तर.

महोदय,

१. अर्जदार सोनाळ्याचा नामांकित थापाड्या आहे. हुरड्यावर सर्वांत मोठी थाप मारील त्याला पहिले भाजलेले कणीस द्यावे, असा आमच्याकडे रिवाज आहे. एकतीस वर्षे ते कणीस अर्जदाराचे.

२. मागच्या पंधरवड्यात अर्जदाराने सांगितले, की अर्जुनरावाच्या शेतातल्या माळ्यावर अस्वल बसून पाखरे हाकते आहे. अर्जुनराव पाहायला गेला, तर माळ्यावर अस्वल. यात अर्जदाराचा दोष नाही. त्याने ते पाहिलेच नव्हते.

३. अर्जुनराव संग्रामपूरच्या भर बाजारात म्हणाला, "कडूबाबुवा खरं बोलते बाप्पा, म्या माह्या डोयानं पाह्यलं." मग गावात येऊन चावडीच्या भिंतीवर चुन्याने तेच लिहिले.

४. वामनराव वकिलांनी समजावले, की बोललेले असो वा लिहिलेले, चारचौघांत लौकिक घटला की कलम ४९९ लागते. उलट शिवी देऊ नये, ऐकणारे साक्षीदार धरावे, लिहिलेले पुसू देऊ नये, नोटीस द्यावी, मग साहेबांकडे यावे. सबब पुरावा टिकावा म्हणून अर्जदार रोज भिंतीपाशी बसतो व फिकटलेल्या अक्षरांवर स्वतः चुना फिरवतो. त्याने वाचणारे वाढले आहेत. नोटिशीवर अर्जुनरावाचे उत्तर आले : "नोटीस भेटली. एकूणएक शब्द खरा आहे." ही दुसरी लेखी बेअब्रू.

५. परवा हुरड्यावर अर्जदाराने सांगितले, की संवत छप्पनच्या मोठ्या दुष्काळात त्याने मोटेला कासवे जुंपली होती. कोणी हसले नाही. शेषराव म्हणाला, "कासवं कुठी भेटतात बुवा? मले बी एक जोडी पाह्यजे." कणीस दुसऱ्याच्या हाती गेले.

६. वकील म्हणतात, सांगितलेले खरे व लोकहिताचे असल्यास आरोपी सुटतो. पण एका अस्वलापायी सत्तर वर्षांच्या आयुष्याची कमाई बुडू नये. लबाडीचे साक्षीदार बेचाळीस आहेत. पहिली अर्जदाराची बायको झुंबरबाई; ती म्हणते, "लग्नापासून एक शबूद खरा निघाला असन, तं माहं नाव बदला."

७. तरी हुरडा सरण्याआधी अर्जुनरावाने बाजारात दवंडी देऊन अर्जदार खोटा असल्याचे कबूल करावे, असा हुकूम व्हावा.

८. शेवटी 'वरील मजकूर खरा आहे' असे लिहावे, म्हणून कारकुनाने तीनदा बजावले. ते लिहिले तर अर्जुनरावाला आयता पुरावा मिळतो. म्हणून ती ओळ कोरी ठेवली आहे.

आपला नम्र, व अद्यापही खोटा,
कडूबा
मु. सोनाळा, १४ डिसेंबर १९३४

सोबत : नोटीस, उत्तर, भिंतीवरील अक्षरांची नक्कल. अस्वल जोडलेले नाही. ते आरोपीच्या बाजूचे साक्षीदार आहे.