नोकरीचा रकाना

हौगांग, सिंगापूर
८ सप्टेंबर

ती. कुमुदआत्यास,
सा. न. वि. वि.

रविवारी फोनवर तू नोकरी कशी चालली आहे असं विचारलंस, तेव्हा मी ठीक म्हणाले. ते खोटं होतं. मागे बाबांचा आवाज येत होता, म्हणून तेवढ्यावर थांबले.

मला नोकरी नाही. मिळाली नाही असं नव्हे. शिकत असताना जुरोंग आयलंडवरच्या ज्या कारखान्यात मी दहा आठवडे इंटर्न होते, त्यांनी जुलैत प्रोसेस इंजिनीअर म्हणून बोलावलं. ते पत्र मी चार दिवस वाचलं आणि पाचव्या दिवशी नाही कळवलं. तिथे काही वाईट घडलं नव्हतं. काम नीट, माणसं नीट, कंपनीची बस सहा चाळीसची म्हणजे सहा चाळीसलाच यायची. पाच वर्षांनी तू कुठे असशील, असं साहेबांनी मुलाखतीत विचारलं होतं. सगळे काहीतरी सांगतात. मीही सांगितलं, आणि त्यांना ते आवडलं. घरी आल्यावर लक्षात आलं की त्यातलं एकही वाक्य माझं नव्हतं.

इथे पदवी झाल्यावर नोकरी शोधायला एक वर्षाचा पास मिळतो. माझा १४ जूनपर्यंत आहे. मी शोधत नाहीये, एवढी लबाडी माझ्या नावावर आहे. राहण्याखाण्याची सोय आहे, त्याची काळजी करू नकोस.

सोबतही आहे. खोलीत किमया असते. नागपूरची, मायक्रोबायोलॉजी शिकलेली, तिचाही पास असाच. आणि यश, इथेच वाढलेला; कॉम्प्युटरची पदवी घेऊन लागलेली नोकरी त्याने चार महिन्यांत सोडली. आम्ही सकाळी ब्लॉकखालच्या कॉफीशॉपमध्ये बसतो. मग कुठलीतरी एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, धरून शेवटच्या स्टेशनपर्यंत जातो आणि जमेल तितकं चालत परत येतो. शेजारच्या टेबलावरचे चिनी आजोबा रोज विचारतात, की आजही काम नाही का. यश रोज सांगतो, नो वर्क अंकल, रेस्टिंग लाह. आम्हा तिघांना एकच आजार झाला आहे असा त्यांचा समज झालेला दिसतो, कारण परवा त्यांनी आम्हाला कसलातरी काढा सुचवला.

बाबांना दिवाळीत मी स्वतः सांगेन. तोवर हे तुझ्यापाशी राहू दे.

माया आहे तशी राहू दे.
ऋग्वेदा


मिरज
२० सप्टेंबर

चि. ऋग्वेदा हिस,
अ. उ. आ.

तुझं पत्र आधी देवघरात ठेवलं, मग रवी रोज संध्याकाळी चहाला येतो आणि देवापुढे उभा राहतो हे आठवून तांदळाच्या डब्यात ठेवलं. तुझ्या बापाला फसवणं सोपं नाही. लहान भाऊ असला म्हणून काय झालं, एकतीस वर्षं साखर कारखान्यात बॉयलर सांभाळलेला माणूस आहे. दाब कुठे वाढलाय ते त्याला लांबून कळतं.

आलेली नोकरी चार दिवस वाचून नाही म्हणणारी आपल्या घरातली तू पहिलीच. मला बँकेचं पत्र आलं तेव्हा पाकीट फोडायच्या आधी मी इस्त्रीची साडी काढून ठेवली होती. तुला शहाणी म्हणावं की वेडी, हे अजून ठरत नाही. ठरलं की कळवीन.

पण माझ्याही हातून एक घोळ झाला आहे. तुझ्या आईने जुलैत तुझा बायोडेटा करायला सांगितला. हो, लग्नाचाच, भुवया उडवू नकोस. तू नोकरीचं पत्र आल्याचं सांगितलं होतंस, म्हणून नोकरीच्या रकान्यात मी कंपनीचं नाव घालून प्रोसेस इंजिनीअर असं लिहून टाकलं. रुजू व्हायला कितीसे दिवस, असं वाटलं. तो तीन घरी गेला. त्यातलं एक सांगलीच्या स्मिताबाईंचं. त्यांचा मुलगा प्रबोध पुण्यात असतो. आणि त्यांचे दीर निशिकांत तिकडेच सिंगापुरात सेम्बावांगला राहतात आणि तुझ्याच, म्हणजे तुझ्या नसलेल्या, कंपनीत आहेत! सुट्टीवर आले होते, मुलीला सहज बघून येतो म्हणाले. मी त्यांच्याकडे तुझ्यासाठी भडंग दिलं आणि पत्ताही देऊन बसले. तेव्हा तुझं पत्र आलं नव्हतं गं.

आता एक कर. ते भेटले तर शिफ्ट बदलली आहे असं काहीतरी सांग. काहीच करत नाही, असा रकाना बायोडेट्यात नसतो, बाळ.

जपून राहा, आणि तो काढा घेऊ नकोस.
तुझी आत्या


हौगांग
३ ऑक्टोबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र ३० सप्टेंबरला मिळालं. निशिकांतकाका त्याच्या आदल्या दिवशी येऊन गेले होते.

त्यांची बस सेम्बावांगहून निघून हौगांगवरून जाते. माझ्या स्टॉपवर त्यांनी तीन सकाळी शेजारची सीट भडंगाची पिशवी ठेवून अडवली. तिसऱ्या दिवशी ड्रायव्हरने सांगितलं की अशी कुणी मुलगी चढतच नाही. चौथ्या दिवशी त्यांची सुट्टी होती, म्हणून ते पत्त्यावर आले, आणि मी त्यांना मंगळवारी साडेदहा वाजता खाली यश आणि किमयासोबत नारळाच्या जॅमचा काया टोस्ट खाताना सापडले.

आज शिफ्ट नाही का, असं त्यांनी फार सौम्यपणे विचारलं. तुझं पत्र आलं नव्हतं तरी उत्तर समोर तयार होतं. यशने टेबलाखालून पायही मारला. मी सांगितलं, की मी तिथे काम करत नाही, कधीच रुजू झाले नाही, आणि तुम्हाला कुणी तसं सांगितलं असेल तर ते चूक आहे. तुझं नाव घेतलं नाही.

ते बसले. कॉफी घेतली. म्हणाले, बावीस वर्षं त्या बसमध्ये बसतोय, तुला आवडतं का असं आपल्याला कुणी विचारलं नाही, आणि तू आपली न विचारताच नाही म्हणून मोकळी. मग म्हणाले, आमच्या प्रबोधला असली मुलगी झेपायची नाही. हे कौतुक होतं की नकार ते मला कळलं नाही. भडंग मात्र ठेवून गेले. त्याच दुपारी त्यांनी बाबांना फोन केला. बाबांचा तेव्हापासून फोन नाही.

तो बायोडेटा उरलेल्या दोन घरी दुरुस्त करून पाठव. रकाना असतो. त्यात लिही: सध्या नोकरी नाही. मला कुणी नापसंत केलं तर चालेल, पण ते मला केलेलं असू दे.

रागावली असलीस तरी लिहीत जा.
ऋग्वेदा


मिरज
१२ ऑक्टोबर

चि. ऋग्वेदास,
आशीर्वाद.

फोनवर आवाज चढेल म्हणून लिहितो आहे.

निशिकांतरावांनी तुझ्या कंपनीत चौकशी केली. जागा अजून भरलेली नाही. तुझ्या कामाबद्दल तिथे चांगलं बोलतात. होकार दिलास तर १६ नोव्हेंबरला रुजू करून घेतील. परक्या माणसाने आपल्यासाठी शब्द टाकला आहे.

ते जमणार नसेल तर ६ नोव्हेंबरच्या विमानाचं तिकीट मी काढून ठेवलं आहे. घरी ये. पुढचं इथे बसून ठरवू.

आजारपण सोडलं तर आपल्या घरात रिकामं कुणी बसलेलं नाही. तू आजारी आहेस का? असशील तर तसं लिही, मी स्वतः येतो. कुणी आयुष्यात असेल तर तेही लिही. यातलं काहीच नसेल तर कारण काय ते मला समजत नाही, आणि लोकांना काय सांगायचं तेही समजत नाही.

मला लांबण नको. नोकरी, हो की नाही. विमान, हो की नाही.

आई काळजीत आहे.
बाबा


हौगांग
२३ ऑक्टोबर

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

नोकरी, नाही. विमान, नाही.

मी आजारी नाही. माझ्या आयुष्यात कुणी नाही. तुम्हाला पटेल असं कारण मी शोधलं, पण सापडलं नाही. पीएच.डी.ची तयारी करते आहे असं सांगता आलं असतं. तुम्हाला बरं वाटलं असतं, लोकांना सांगायला सोपं गेलं असतं, आणि जूनमध्ये मला दुसरं खोटं शोधावं लागलं असतं.

सहावीत असताना तुम्ही मला बॉयलरवर घेऊन गेला होतात. एका हेल्परने दोन तासांचे आकडे अंदाजाने लॉगशीटमध्ये भरले होते. ते बरोबरही असतील, कारण बॉयलर व्यवस्थित चालू होता. तरी तुम्ही ते पान बाद केलंत. जे रीडिंग घेतलं नाही तो रकाना रिकामा ठेवायचा आणि खाली सही करायची, असं त्याला सांगितलंत. रिकाम्या रकान्याने बॉयलर फुटत नाही, भरलेल्याने फुटतो, असंही म्हणालात. तो हेल्पर दिवसभर तुमच्याशी बोलला नाही.

माझं रीडिंग अजून घेतलेलं नाही. मी रकाना रिकामा ठेवला आहे. खाली सही करते आहे.

निशिकांतकाकांना मी स्वतः सेम्बावांगला जाऊन भेटले, आभार मानले आणि नाही सांगितलं. शब्द त्यांनी टाकला होता, म्हणून नकार मीच पोचवला.

१४ जूनला पास संपेल. तेव्हाही उत्तर नसेल तर मी घरी येईन आणि तिथे रिकामी बसेन. लोकांना काय सांगायचं, ते वर लिहिलं आहे.

लोभ आहे तसा असावा. त्याचा नोकरीशी संबंध लावू नये.
ऋग्वेदा रवींद्र


मिरज
१४ नोव्हेंबर

चि. ऋग्वेदा हिस,
अ. उ. आ.

तुझं पत्र रवीने माझ्या इथे वाचलं. मग चष्मा काढला, पुसला आणि परत वाचलं. एवढंच म्हणाला, की त्या हेल्परचं नाव दिलीप, आणि तो त्या दिवशीच नाही, आठवडाभर बोलला नव्हता. रागावलाय, चांगलाच रागावलाय. तिकीट दुसऱ्या दिवशी रद्द केलं. मी का म्हणून विचारलं, तर माझ्यावरच खेकसला, की ती नाही म्हणाली ना.

बायोडेटा दुरुस्त करून दोन्ही घरी दिला. एकीकडून उत्तर नाही. दुसरीकडे छपाईची चूक आहे का म्हणून विचारायला फोन आला. नाही म्हटलं.

पाडव्याला स्मिताबाई फराळाला आल्या. निशिकांतरावांकडून सगळं कळलेलं, तरी चिवडा खात गोड आवाजात रवीला विचारलंच, की मग लेक सध्या काय करते. तुझी आई चहा टाकायला उठली. मी काहीतरी बोलणार होते; परीक्षा, कोर्स, काहीही. रवीने मला हाताने गप्प केलं. म्हणाला, काही करत नाही, मी लेखी विचारून घेतलंय. त्यांनी विचारलं, किती दिवस? हा म्हणाला, जूनपर्यंत तरी, पुढचं रीडिंग आलेलं नाही. आणि चकल्यांचं ताट त्यांच्यापुढे असं सरकवलं की बाईंनी एकदम दोन उचलल्या.

त्या गेल्यावर माझ्याशीही बोलला नाही. तुझ्याशी तर बोलणारच नाही म्हणतो. तू फोन कर. बोलला नाही तरी उचलेल.

तुझी,
कुमुदआत्या