एक ओळ खाली

प्रिय ताई,

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तू मला मध्येच तोडशील आणि मी तुला. आपल्या घराण्यात दम धरणं कुणाला जमलंय! लहानपणी मी तुला काही विचारायचे आणि तू तोंड उघडायच्या आत तेच पुन्हा विचारायचे. ‘अगं, घास तरी गिळू दे,’ असं तू वैतागून म्हणायचीस. तीच मी, गेली एकोणीस वर्षं मुलांना प्रश्न विचारून पोट भरते आहे.

न बोलणाऱ्या किंवा उशिरा बोलणाऱ्या मुलांना आपलं बोलणं किती कळतं, ते मी कसं तपासते हे तू पाहिलं आहेस. टेबलावर ट्रे, त्यात कंगवा, चावी, कप, साबण अशा आठ वस्तू. केस कशाने विंचरतो, असं मी विचारते. कंगवा उचलला की बरोबरची खूण. दहा सेकंदांत नाही उचलला, की फुली आणि पुढचा प्रश्न. माझं घड्याळ कधी अकरावर गेलं नाही, याचा मला केवढा तोरा होता.

गेल्या मंगळवारी सात वर्षांची एक मुलगी आली, दप्तर पोटाशी घट्ट धरून. केसांचं विचारलं, ढिम्म. कुलपाचं विचारलं, तर तिने कंगवा उचलला. दूध कशातून पितो विचारलं, तर चावी. फुल्यांची नुसती रांग लागली. आमच्या नव्या साहेबीणबाईंच्या हुकमामुळे हल्ली फुलीशेजारी उचललेल्या वस्तूचं नावही लिहावं लागतं. दुपारी डबा खाताना तो कागद पुढ्यात होता आणि घास हातातच राहिला. तिची उत्तरं बरोबर होती, फक्त एक ओळ खाली सरकलेली. तिला सगळं कळत होतं गं! तिचं उत्तर तयार होईपर्यंत मी पुढच्या प्रश्नावर पोचलेली असायचे. दुसऱ्या दिवशी तिला परत बोलावलं, घड्याळ खणात टाकलं आणि एकेक प्रश्न विचारून गप्प बसले. आठपैकी आठ. तिची आई रडली. मला मात्र घाम फुटला.

कारण मला तुझी लेक, आपली ठकी आठवली. चपला आण म्हटलं तर जागची हलत नाही, आणि जेवायला काय हवं विचारलं की चपला आणून ठेवते. ‘ठकीचा उलटा कारभार’ म्हणून आपण किती हसलो! सहा वर्षांपूर्वी त्याच ट्रेसमोर मी तिला बसवलं होतं. आठ फुल्या. ‘बोललेले प्रश्न समजत नाहीत,’ असं लिहून खाली झोकात सही ठोकली. तेव्हापासून तू तिला काही विचारणंच सोडलंस. फ्रॉक कुठला, भाजी कुठली, सगळं तूच ठरवतेस. तू माझ्या शब्दावर विसंबलीस. चूक तुझी नाही, माझी आहे, आणि मला त्या चुकीची लाज वाटते.

म्हणून सांगते, सोमवारी शाळेच्या त्या फॉर्मवर सही करू नकोस. ठकीला वाचायला शिकवायचं बंद करून नुसतं सांभाळायच्या वर्गात बसवणार आहेत, ते माझ्याच अहवालाच्या आधारावर. तो अहवाल चुकीचा आहे, असं आज मी शाळेला सहीनिशी कळवलं आहे. माझी शोभा व्हायची तर होऊ दे. नवी तपासणी माझी सहकारी करेल, ती माझ्यासारखी उतावळी नाही. मुख्याध्यापिका कुरकुरल्या तर मी त्यांच्या खोलीत ठाण मांडून बसेन. शनिवारी मी तुझ्याकडे येते आहे. पण आधी ठकीला विचार, मावशी आलेली चालेल का? एकदाच विचार आणि मग तोंडाला कुलूप लाव. तिने नाही म्हणून मान हलवली, तर मी दाराबाहेर बसेन. तिला वाटेल तेव्हा तिने दार उघडावं. आता मला थांबता येतं.

तुझीच,
उतावळी धाकटी