जीपच्या मागच्या खिडक्यांचे पत्रे काढण्याबाबत

दि. १२ जानेवारी १९७९

प्रति,
मा. वाहन अधीक्षक,
ग्रामारोग्य सेवा मंडळ, परभणी.

विषय : रुग्णांची ने-आण करणाऱ्या जीपचा धूर आत शिरत असल्याबाबत.
संदर्भ : आपले पत्र, ‘खिडक्यांच्या फटी बुजविणे’.

अर्जदार : मुंजाजी लिंबाजी रेंगे, चालक, मुक्काम देवगाव फाटा.

महोदय,

१. अर्जदार मंडळाची जुनी जीप चालवतो. गेल्या पावसाळ्यात नामांतराच्या दंगलीत दगड लागून तिच्या मागच्या काचा फुटल्या. नव्या काचा मंजूर झाल्या नाहीत, म्हणून रेक्झिनचे पडदे लावले. थंडी पडली तशी नातेवाइकांची ओरड सुरू झाली, की आजारी माणसाला वारं लागतं, बाळंतिणीच्या अंगात वारं शिरतं. त्यावर आपण खिडक्यांना पत्रे ठोकून दिले. सगळे खूश झाले. अर्जदारही झाला, कारण पडद्यांच्या फडफडीने त्याचे डोके उठत असे.

२. पत्रे बसल्यापासून मागे बसलेली माणसे झोपू लागली. वाटेतली झरी येईपर्यंत बोलणे बंद पडते. उतरताना डोके धरतात, कुणी ओकते. पेट्रोलचा वास जीपला असतोच, म्हणून त्याचे कुणाला काही वाटले नाही. फाट्यावरच्या लोकांनी रस्त्यातल्या एका लिंबाच्या झाडावर ठपका ठेवला आणि तिथे नारळ फुटू लागले. अर्जदारानेही एक फोडला. पण झोप त्या झाडाच्या अलीकडेच लागत होती, हे पुढे त्याच्या ध्यानात आले.

३. चारठाण्याच्या चांगुणाबाई तापाने आजारी होत्या. गाडीत बसताना त्यांनी अर्जदाराला, “हळू हाक रे बाबा, हाडं खिळखिळी हायेत,” असे स्वतः बजावले. परभणीला दार उघडले तेव्हा त्या गेलेल्या होत्या. चेहरा मात्र नव्या नवरीसारखा गुलाबी. शेजारी बसलेली लेक दारातच कोसळली आणि शुद्धीवर आल्यावर म्हणाली, “लय ग्वाड झोप लागली व्हती मायला, म्हून उठिवलं न्हाई.” म्हातारीला ताप होताच, त्यामुळे पुढे कुणी काही विचारले नाही. अर्जदाराला तो गुलाबी चेहरा अजून दिसतो.

४. यानंतर अर्जदाराने झरीचे मेस्त्री नागनाथ यांना जीप दाखवली. त्यांनी इंजिन चालू ठेवून सायलेन्सरच्या तोंडावर ओले फडके दाबले. एरवी इंजिन गुदमरून बंद पडते. इथे ते आरामात चालत राहिले आणि धूर मागच्या खाटेखालून वर आला. नळीचा जोड फुटला आहे आणि वरचा पत्रा गंजून त्याला भोक पडले आहे. नागनाथ म्हणाले, “धूर मागं जाईना मामा, पेशंटच्या उशाला यायलाय. आन् तुमी खिडक्या बंद करून त्याला कोंडायलाव.” नवी नळी त्यांच्याकडे नाही. तोवर मागचे काही बंद ठेवू नका, असे त्यांनी निक्षून सांगितले.

५. अर्जदाराने कळवल्यावर आपण जातीने आलात, हे उपकारच. परंतु आपण पुढे बसलात, उघड्या खिडकीशी. चालकाच्या पाठीमागच्या फळीमुळे मागचा धूर पुढे येत नाही. सेलूपर्यंत जाऊन, चहा घेऊन परत आल्यावर आपण शेरा मारलात : ‘वाहन सुस्थितीत. चालकास झोपेची सवय असावी.’ पाठोपाठ संदर्भातील पत्र आले, की पत्र्यांच्या फटींतून अजून वारे येते, त्या डांबराने बुजवाव्यात. अर्जदाराने आजवर आपला एकही हुकूम मोडलेला नाही. हाही पाळला. तेव्हापासून कुणी मागे बसले, की तो वाटेत गाडी थांबवून दार उघडतो आणि माणसांना हाका मारतो. ओ आली तर पुढे निघतो.

६. आज सकाळपासून अर्जदाराची सून मनकर्णा हिला कळा सुरू आहेत. सुईण म्हणते, मूल आडवे आहे, परभणीच गाठा. एस.टी. दुपारी येईल, तितका धीर नाही. वाहन हे एकच. सबब अर्जदाराने टॉमीचा लोखंडी दांडा घालून दोन्ही पत्रे उपटून काढले आहेत. हे मंडळाच्या मालमत्तेचे नुकसान आहे, त्याची जी होईल ती शिक्षा मान्य आहे.

७. तरी नळी तातडीने बदलावी, आणि तोवर ही जीप बंद खिडक्यांनी कुणाच्याही हाती देऊ नये. अर्जदाराचे म्हणणे खोटे वाटत असल्यास आपण एकदा मागच्या खाटेवर बसावे. नको, बसू नये. अर्जदार हे वाक्य मागे घेतो.

८. अर्ज लिहीत असतानाच अर्जदाराची पत्नी पार्वतीबाई हिने उघड्या खिडक्यांवर गोधडी बांधली. अर्जदाराने सोडली. तिने पुन्हा बांधली. “पोरीला वारं लागल्यावर तुमचा नागनाथ येणार हाय का निस्तरायला?” असे ती म्हणते. तिला समजावताना अर्जदाराचा गळा बसला. शेवटी गोधडी हिसकावून ती या अर्जासोबतच परभणीच्या एस.टी.त कंडक्टरच्या हवाली करण्यास तो फाट्यावरच्या दुकानात ठेवत आहे. घरात किंवा गाडीत राहिली तर ती खिडकीवर जाईल.

आपला आज्ञाधारक, आज घाईत असलेला,
मुंजाजी लिंबाजी रेंगे

सोबत :
१. उपटलेले पत्रे, डांबरासह.
२. काजळी धरलेले फडके.
३. गोधडी.

ता. क. सून गाडीत बसली आहे. पार्वतीबाई दुसरी गोधडी मागायला शेजारी गेली आहे.