खाटेचं दुसरं टोक

दादा,

शोकसभेत तू म्हणालास, "नव्वद वर्षं जगले, पण सगळा जीव त्या शेतात!" लोकांचे डोळे भरून आले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

साठीत गुडघे गेले, तेव्हाच बाबा शेत विकायला निघाले होते. "विकू नका, पोरांना सुट्टीत यायला हक्काची जागा राहील," असं तूच म्हणालास. तीस वर्षांत दोनदा आलास. ते मात्र राबत राहिले.

अंथरुणाला खिळल्यावर मला म्हणाले, "खाट भिंतीकडे फिरव गं. ते शेत डोळ्यांसमोर नको."

ते गेल्यावर तू आलास. "बाबांना शेवटचं शेत दिसू दे," म्हणत खाट खिडकीकडे वळवलीस. नाही म्हणायला ते नव्हते. मी होते. खाटेचं दुसरं टोक मीच धरलं होतं.

हे पत्रही टाकायची हिंमत नसलेली,
तुझी धाकटी