ओल वरूनच येते

४ ऑगस्ट, सकाळी ७
बाथरूम आणि बेडरूमच्या मधल्या भिंतीवर काळे ठिपके. मोहरीएवढे. बुरशी. ही म्हणाली, माणूस बोलवा. माणूस कशाला? साधं लॉजिक आहे. ओल बाहेरच्या हवेतून येते. हवेची वाटच बंद करायची.

संध्याकाळी
बाथरूमची खिडकी प्लास्टिक आणि पॅकिंग टेपने सील. एक्झॉस्टच्या भोकात थर्माकोल. कपडे वाळत घालायची दोरीही आत, बेडरूममध्ये. आता ओलीने यायचं कुठून?

१२ ऑगस्ट
ठिपके बटणाएवढे. कपाटातल्या कोटाला कुबट वास. बाहेरून ओल येऊच शकत नाही, म्हणजे वरून येते. वर शाळेतून रिटायर झालेल्या बाई राहतात, एकट्या. त्यांचं बाथरूम बरोबर आमच्या डोक्यावर. आणखी काय पुरावा हवा? बिल्डिंगच्या कमिटीला अर्ज दिला. तीन प्रती.

१६ ऑगस्ट
बाई स्वतः खाली आल्या. गुडघे गेलेत, कठडा धरून आडव्या आडव्या एकेक पायरी उतरतात. म्हणाल्या, माझ्याकडे गळती कधीच नव्हती, पण तुमची भिंत खराब होतेय तर फोडून बघू या. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. मी चार मुद्दे काढून ठेवले होते, ते वाया गेले.

२० ऑगस्ट
बाईंचं बाथरूम फोडलं. गवंडी म्हणाला, साहेब, पाणी नाही, नुसती धूळ आहे. म्हटलं, अजून खोल बघ. खोलही धूळच. लाद्या बसवायला तो पंधरा-वीस दिवसांनी येणार. तोवर बाईंनी आंघोळीला आमच्याकडे यावं, असं हिने परस्पर सांगून टाकलं.

२१ ऑगस्ट
साडेसहाला बाई टॉवेल घेऊन हजर. मला म्हणाल्या, तुम्हाला किती त्रास देतेय! उद्यापासून त्या वेळेला फिरायला जायचं. तब्येतीलाही चांगलं.

२३ ऑगस्ट
बाईंसाठी भारीतला साबण आणला. मन हलकं झालं. दुपारपर्यंत.

२४ ऑगस्ट
बाईंना बाथरूममध्ये गुदमरायला झालं म्हणे. त्यांनीच टेप सोलून खिडकी उघडली. थर्माकोलही काढला. मी संध्याकाळी सगळं पुन्हा लावलं.

२५ ऑगस्ट
त्यांनी पुन्हा काढलं. वडीलधाऱ्या माणसाशी कोण वाद घालणार? हिनेही संधी साधून दोरी गॅलरीत नेली.

३१ ऑगस्ट
भिंत कोरडी! ठिपके पुसले ते पुन्हा आले नाहीत. अर्धं मिनिट फार आनंद झाला. मग वरून खरखर ऐकू आली. बाई फुटक्या लाद्यांचे तुकडे गोळा करत होत्या.
हिने मला खिडकीपाशी उभं केलं. म्हणाली, आंघोळीची वाफ तुम्ही कोंडलीत आणि खापर बाईंवर फोडलंत. कुठे फेडाल हे पाप? वर जाऊन कबूल करा. मी म्हटलं, हवामानही बदललंय. तिने ऐकलं नाही.
लाज वाटते. खरंच वाटते. उद्या नक्की सांगणार.

१ सप्टेंबर
बाईंचे गुडघे आज जास्त दुखत होते. अशात धक्का नको.

३ सप्टेंबर
माझा घसा बसलाय.

४ सप्टेंबर
अर्ज काढून नीट वाचला. त्यात 'बहुधा' असा शब्द आहे. म्हणजे ठाम आरोप मी केलाच नव्हता. हिला दाखवला. तिने न वाचताच घडी घालून तो माझ्या खिशात कोंबला.

६ सप्टेंबर, शनिवार
सकाळी वर गेलो. वाक्य पाठ केलेलं: चूक माझी आहे, बाई. मी तोंड उघडायच्या आत त्याच बोलायला लागल्या. माझं बाथरूम फोडलं आणि तुमची भिंत सुकली, म्हणजे गळती माझीच होती. तुमच्यावर मी उगाच मनातल्या मनात चिडले होते, मला माफ करा. डोळ्यांत पाणी. म्हणाल्या, पस्तीस वर्षं पोरांना चूक कबूल करायला शिकवलं, आता माझी पाळी.
माझ्या वाक्यातला 'चूक' हा शब्द ओठांवर आलाच होता. तो वाया जाऊ नये म्हणून बोलून गेलो की, चूक माणसाच्याच हातून होते, बाई. केलं माफ.
खाली आलो तर ही दारातच. बोललात? म्हटलं, बोललो. मग? म्हटलं, माफ केलं.
कोणी कोणाला, ते तिने विचारलं नाही. तिला एकदम भरून आलं. किती मोठं मन बाईंचं, म्हणाली. उद्या आंघोळीला आल्या की मी स्वतः त्यांचे आभार मानणार आहे, आणि तुम्ही शेजारी उभे राहा.
उद्या रविवार. ऑफिसात काहीतरी अर्जंट काम निघायला हवं.